देवासचा मुक्काम

माळव्यात मराठी माणूस प्रथम गेला तो तलवार घेऊन. पेशवाईच्या पूर्वार्धात पवारांनी धार व देवास येथे आपली ठाणी बसविली. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या बंधूंची थोरली व धाकटी अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. त्याच वर्षी, जानेवारीच्या अखेरीस, तेवीस वर्षांचा एक गवई मुंबई सोडून देवासला येऊन राहिला. राजाश्रय मागण्यासाठी तो आला नव्हता. त्याला कोरडी हवा हवी होती.

शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, हे बेळगावजवळील सुळेभावीचे. बालवयातच त्यांच्या मैफली गावोगाव होऊ लागल्या. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले व तेथेच ते शिकवूही लागले. कीर्ती ऐन भरात असताना क्षयाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी गाणे बंद करावयास सांगितले.

त्या काळी क्षयावर विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हाच मुख्य उपाय होता. मिरजेच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे याच विचारातून उभी राहिली. परंतु विश्रांती ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. गिरणगावातील खोलीत खोकणाऱ्या कामगारालाही डॉक्टर तेच सांगत; काम सोडले की घरची चूल विझे, म्हणून तो कामावर जात राही. गवयाला तर पगारी रजाही नसते. मैफल थांबली, की त्या दिवसापासून मिळकत थांबली.

देवासच्या घरात ही पोकळी भरून काढली ती पत्नी भानुमतीबाईंनी. १९४७ साली त्यांचा विवाह झाला होता. संसार मांडतो न मांडतो तोच आजारपण दाराशी आले. स्वतः उत्तम गायिका असलेल्या या स्त्रीने शाळेत नोकरी धरली आणि रुग्णाची शुश्रूषाही केली. कुमारांच्या पुनर्जन्माची कथा सांगताना हा तपशील बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

अंथरुणावर पडलेल्या गवयाचे कान मात्र मोकळे होते. रस्त्याने जाणाऱ्या बायांची गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने, शेजारच्या मंगलकार्यातील सूर ते दिवसेंदिवस ऐकत राहिले. शीलनाथांच्या धुनीमुळे देवासला निर्गुणाची परंपरा जुनीच होती. या लोकधुनांतून पुढे मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी यांसारखे राग आकाराला आले. ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून आजाराचे आभार मानण्याचे कारण नाही. १९४३ साली वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन गवसले नसते, आणि ते औषध वेळेवर देवासला पोहोचले नसते, तर केवळ माळव्याच्या हवेने हा रोगी उठला असता असे मानणे कठीण आहे. जवळजवळ पाच वर्षांच्या मौनानंतर ते पुन्हा गाऊ लागले, पण एक फुफ्फुस जवळपास निकामी झाले होते. त्यांच्या गाण्यातील तुटक, लखलखीत तानांचे श्रेय काही जण या अधू फुफ्फुसाला देतात. कलावंताच्या विचाराला व्याधीचे अपत्य ठरविणे अन्यायाचे आहे. श्वास थोडा असला, तरी तो कोठे खर्चावयाचा हे बुद्धीच ठरविते.

बरे झाल्यावर मुंबईला परतण्याची वाट मोकळी होती. कुमार परतले नाहीत. मैफलींसाठी ते देशभर हिंडत व पुन्हा देवासला येत, ते १२ जानेवारी १९९२ रोजी निधन होईपर्यंत. भानुमतीबाई मात्र १९६१ सालीच बाळंतपणात गेल्या. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्या घराचे नाव ‘भानुकुल’ असे आहे.