जब्याची शंका आणि मढीची यात्रा

पाथर्डी तालुक्यातील मढी या गावाला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. गडावर कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे यात्रा भरते, आणि रंगपंचमी हा तिचा मुख्य दिवस. कैकाडी, वैदू, गोपाळ, वडार, बेलदार अशा अनेक जमाती येथे येतात. पायथ्याशी गाढवांचा बाजार भरतो. गोपाळ समाजाला होळीचा मान आहे, तर मानाच्या काठ्या कळसाला भेटवल्या जातात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’विषयी (प्रदर्शित फेब्रुवारी २०१४) लिहिताना आम्हांला या यात्रेची आठवण होते, याला कारण आहे.

‘फँड्री’ हा किशोरवयाचा चित्रपट म्हणून वाखाणला गेला आणि जातवास्तवाचा चित्रपट म्हणून चर्चिला गेला. त्यातील श्रद्धेच्या प्रश्नाकडे मात्र समीक्षेचे लक्ष तुलनेने कमी गेले. जब्या काळी चिमणी शोधतो. तिची राख शालूवर टाकली तर ती वश होईल, असे त्याला चंक्याने सांगितलेले असते, आणि चंक्याची भूमिका स्वतः मंजुळे यांनीच केली आहे, हे विशेष. गावच्या जत्रेत हाच मुलगा आनंदाने नाचू पाहतो, पण त्याच्या वाट्याला येते ती डोक्यावरची बत्ती. पालखीत डुक्कर घुसते, विटाळ होतो, आणि डुकरे पकडण्याचे काम कचरू मानेच्या कुटुंबावर येते.

पाश्चात्त्य चित्रपटांत धर्मशंका बहुधा आतल्या मुलाची असते. बर्गमनच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’मधील (१९८२) अलेक्झांडर बिशपच्या घरात राहून देवाशी भांडतो. भांडण्यासाठी आधी देव आपला असावा लागतो. जब्याची अडचण निराळी आहे. देव आहे की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नाही. देवाच्या मिरवणुकीत आपण कोठे उभे राहायचे, हा त्याचा प्रश्न आहे. त्याचा विश्वास उडतो तो मंत्रतंत्रावरून नव्हे, तर भर गावात, शाळेसमोर, डुकरामागे धावताना. राष्ट्रगीत सुरू होते, सगळे स्तब्ध उभे राहतात, आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर वाहून नेताना मागे भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे दिसतात. भिंत तेवढी बोलते. माणसे गप्प असतात.

प्रतिनिधित्वाचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते की, शीर्षकच कैकाडी बोलीतले आहे. ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने कैकाडी जीवन मराठी वाचकांपुढे आणले, त्यानंतर तीन दशकांनी ही बोली चित्रपटाच्या नावात आली. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. एकाच माणसाची ओळख जिल्हा बदलताच बदलते, ही विसंगती कोणत्याही पटकथेला शोभावी.

आमचा आक्षेप एवढाच की, चित्रपटातली जत्रा गावाची आहे. मानेंच्या घराचे स्वतःचे दैवत कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. त्यामुळे भटक्यांचा धर्म केवळ वंचनेतूनच दिसतो. मढीत चित्र उलटे आहे. तेथे ते मानकरी आहेत, देवाच्या दारात त्यांची जागा ठरलेली आहे. पण त्याचीही किंमत आहे. याच यात्रेत जातपंचायती भरत, आपल्याच माणसांना दंड ठोठावीत, वाळीत टाकीत. मढीत गेलेल्या जब्याला मान मिळाला असता, मात्र शालूवर प्रेम करण्याची मुभा तेथेही मिळाली असती, असे मानण्यास आधार नाही.

मढीची सामायिकताही निर्विवाद राहिलेली नाही. कानिफनाथांना शाह रमजान माही सवार या नावाने मानणारे मुस्लिम भाविकही आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत मज्जाव करणारा ठराव केला. यात्रेतली जागा कोणाची, हा प्रश्न म्हणजे कैकाड्याच्या पोराचाच प्रश्न, फक्त विचारणारे बदलले.

मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, म्हणजे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या शेजारचे. त्यांनी शेवटी जब्याच्या हाती दगड दिला आणि तो प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावला. देवळाकडे नव्हे.