शिलिंग-शिलिंग साठवून केलेली परदेशवारी

परदेशवारी म्हणजे श्रीमंतांची चैन, हे माझ्या पिढीच्या मनात अगदी पक्के बसलेले आहे. आमच्या लहानपणी गावातले कुणी विलायतेला निघाले की त्याचा सत्कार व्हायचा, गळ्यात हार पडायचे आणि स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह दोन ओळी छापून यायच्या. आता निवृत्त कारकुनाची मुलेसुद्धा आईवडिलांना घेऊन थायलंड-व्हिएतनाम करून येतात आणि येताना सगळ्यांसाठी चॉकलेटे आणतात. मग आमच्या वयाची मंडळी कट्ट्यावर बसून विचारतात, "एवढा पैसा आणतात कुठून हो ही पोरं?"

आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला अशा प्रश्नाचे उत्तर मागे जाऊन शोधायची खोड आहे. शोधले तेव्हा लक्षात आले की उत्तर बरेच जुने आणि फार साधे आहे. पैसा एकदम कुठूनच येत नाही, तो दर आठवड्याला थोडा थोडा बाजूला काढावा लागतो. पण त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न या इतिहासात दडलेला आहे, आणि तो आजच्या मुलांनीही विचारायला हवा. बाजूला काढलेला पैसा तोवर ठेवायचा कुणाच्या हातात?

गोष्ट सुरू होते ५ जुलै १८४१ रोजी, इंग्लंडमधल्या लेस्टर गावी. थॉमस कुक नावाच्या एका सुताराने, जो दारूबंदीचा कट्टर प्रचारकही होता, सुमारे पाचशे माणसांना आगगाडीत बसवून अकरा-बारा मैलांवरच्या लफबरो गावी दारूबंदीच्या सभेला नेले. भाडे माणशी एक शिलिंग. (आपला रुपया सोळा आण्यांचा होता, तसा त्यांचा पौंड वीस शिलिंगांचा आणि शिलिंग बारा पेन्सांचा. हा हिशेब १९७१ पर्यंत चालला.) कुकच्या एक गोष्ट ध्यानात आली. एकट्या माणसाला जे परवडत नाही, ते पाचशे जणांनी मिळून घेतले तर परवडते. आज आपण ज्याला 'ग्रुप बुकिंग' म्हणतो ते हेच.

दहा वर्षांनी, १८५१ साली, लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले. सुरुवातीला तिकीट एवढे महाग होते की कामगारांनी तिकडे फिरकूच नये. मग २६ मेपासून आठवड्यातले काही दिवस एक शिलिंगात प्रवेश मिळू लागला आणि उत्तरेकडच्या गिरणगावांतून लोंढेच्या लोंढे निघाले. प्रदर्शन संपेपर्यंत साठ लाखांच्या वर लोक येऊन गेले. त्यांपैकी दीड लाखांहून अधिक माणसे एकट्या कुकने नेली. रेल्वे कंपन्यांत चढाओढ लागली आणि पंधरा शिलिंगांचे परतीचे भाडे पाचापर्यंत खाली आले.

पण पाच शिलिंग तरी गिरणीतल्या माणसाकडे एकरकमी कुठून असणार? त्यासाठी गावोगावी 'प्रदर्शन क्लब' निघाले होते. दर आठवड्याला पगार झाला की ठरलेले चार-सहा पेन्स क्लबात भरायचे आणि निघायच्या वेळी जमलेले पैसे उचलायचे. वहीत नाव, नावापुढे रकाने, रकान्यात खुणा. आम्ही शिक्षकांनी शाळेच्या सहलीसाठी आठवड्याला आठ-आठ आणे गोळा करताना ज्या वह्या घातल्या, त्यांची ही पणजीच म्हणायची.

पुढे लँकेशायरच्या कापड गिरण्यांत या क्लबांनी चांगलेच मूळ धरले. तिथे प्रत्येक गावाचा एक आठवडा ठरलेला असे. त्याला 'वेक्स वीक' म्हणत. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या बंद, आणि सगळे गाव समुद्रावर, बहुधा ब्लॅकपूलला. गंमत अशी की (गंमत आपल्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे) त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. भरपगारी रजेचा कायदा तिकडे थेट १९३८ साली झाला. म्हणजे कामगाराला वर्षभरात दोन गोष्टींसाठी साठवावे लागे, एक सहलीचा खर्च आणि दुसरे त्या बिनपगारी आठवड्याचे घरभाडे. जो फक्त सहलीचा हिशेब करी, तो परत आल्यावर घरमालकाला तोंड चुकवी.

इथे आपल्या भिशीची आठवण येणे साहजिक आहे. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. भिशीत दर महिन्याला एकाचा नंबर लागतो आणि सगळी रक्कम त्याला मिळते. लँकेशायरच्या क्लबात सगळ्यांना आपापले पैसे एकाच दिवशी मिळत, कारण गिरणी सगळ्यांची एकाच दिवशी बंद व्हायची. आपल्याकडे गिरणगावातला कोकणी माणूस गणपतीला गावी निघे, तेव्हा त्यालाही सगळ्यांबरोबर एकाच वेळी पैसा लागे. त्या कामाला भिशी पुरत नाही. बारा जणींची भिशी असेल आणि बाराही जणींना मे महिन्यातच मुलांना घेऊन फिरायला जायचे असेल, तर अकरा जणींची पंचाईत! म्हणून भिशीतून फ्रीज येतो, शिलाई मशीन येते. सहलीला मात्र तारीख असते, आणि साठवणूक त्या तारखेला बांधलेली लागते.

तोवर हे सगळे देशातल्या देशात. परदेशाची पायरी सामान्य माणसाला हळूहळूच चढता आली. कुकने १८६३ साली स्वित्झर्लंडची सहल नेली, पण ती मध्यमवर्गासाठी. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनाला, म्हणजे ज्यासाठी आयफेल टॉवर उभा राहिला त्या प्रदर्शनाला, लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या पॉलिटेक्निक संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना नेले. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी शिक्षण घेणारी ही मुले.

खरी उडी मात्र १९५० सालची, आणि ती वाचताना मला विशेष आनंद झाला. कारण त्या उडीत पहिला मान आम्हा शिक्षकांचा होता! व्लादिमिर राइत्झ नावाचा एक तरुण, जन्म मॉस्कोचा, नोकरी लंडनला रॉयटर्समध्ये. त्याने आजीकडून वारशाने मिळालेले पैसे घालून 'हॉरायझन हॉलिडेज' कंपनी काढली. विमान भाड्याने घेऊन कॉर्सिका बेटावरच्या काल्वी गावी लोकांना न्यायचे ठरवले. सरकारी विमान कंपनीच्या पोटावर पाय येईल म्हणून परवानगी मिळेना. अखेर मिळाली ती एका अटीवर. पहिल्या वर्षी फक्त शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाच न्यायचे. मे १९५० मध्ये त्याचे डकोटा विमान उडाले. किंमत साडेबत्तीस पौंड. त्यात विमानभाडे, सैन्याच्या जुन्या तंबूंत राहणे आणि दोन वेळचे मांसाहारी जेवण. इंग्लंडात त्या काळी मांसाचे रेशनिंग चालू होते, त्यामुळे जेवणाचेच आकर्षण काही कमी नव्हते.

साडेबत्तीस पौंड म्हणजे किती? फळ्यावर गणित मांडू. त्या वर्षी तिकडच्या कामगार पुरुषाची सरासरी कमाई आठवड्याला सुमारे साडेसात पौंड होती. म्हणजे एका माणसाच्या सहलीला चार आठवड्यांहून अधिक कमाई, आणि नवरा-बायको दोघे निघाले तर दोन महिन्यांची. साडेबत्तीस पौंडांचे शिलिंग होतात साडेसहाशे. आठवड्याला पाच शिलिंग बाजूला टाकले तर एकशेतीस आठवडे, म्हणजे अडीच वर्षे. दहा टाकले तर सव्वा वर्ष. गणित अवघड नाही. अवघड आहे ते एकशेतीस आठवडे एकाही शनिवारी हात न लावणे. ज्यांना ते जमले, ते समुद्र पाहून आले.

आता पैसा जमला तरी तो तसाच्या तसा परदेशात नेता येतो असे नाही, हा या गोष्टीतला पुढचा धडा. १९६६ साल पाहा. ६ जूनला आपल्या सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. समजा कुणी हजार डॉलर हिशेबात धरून ४,७६० रुपये साठवले होते, त्याला सकाळी उठल्यावर ७,५०० लागणार होते. त्याने एक पैसा उधळला नव्हता, तरी २,७४० रुपये कमी पडले. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनच्या विल्सन सरकारने जाहीर केले की परदेश सहलीला माणशी पन्नास पौंडांवर परकीय चलन मिळणार नाही. राज्य गाजवलेला देश आणि नुकता मोकळा झालेला देश, दोघांच्याही तिजोरीत त्या वर्षी तीच चणचण!

पण ब्रिटिश सहल कंपन्यांनी यातूनही वाट काढली. विमानभाडे पौंडांतच भरायचे असल्याने ते त्या पन्नासात धरत नसत, आणि स्पेनमधली हॉटेले घाऊक दराने घेतली की राहण्या-जेवण्याला पन्नास पुरत. एकट्याने जाणाऱ्याची कोंडी झाली, पण घाऊक जाणाऱ्याचे निभावले. कुकचेच तत्त्व पुन्हा कामी आले. ती मर्यादा १९७० च्या सुरुवातीला उठली.

आपल्याकडे कोंडी फार काळ टिकली. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलेल्या मामा-काकांच्या गोष्टी आपल्या घराघरांत आहेत. त्या फुशारक्या नव्हेत, नियमच तसे होते. १९७३ चा 'फेरा' जाऊन १९९९ चा 'फेमा' कायदा १ जून २००० पासून लागू झाला आणि २००४ साली रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत पाठवण्याची मुभा दिली. पुढे ती वाढतही गेली. तेव्हा आजच्या मुलांना परदेशवारी सोपी वाटते, त्यामागे त्यांचा वाढलेला पगार जेवढा आहे, तेवढाच हा बदललेला कायदाही आहे. आम्ही गेलो नाही ते केवळ कंजूष होतो म्हणून नव्हे, हे जरा नोंदवून ठेवतो!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पैसा कुणाच्या हातात?

१५ ऑगस्ट १९७४. आपल्याकडे झेंडावंदन चालू होते, त्या दिवशी ब्रिटनमध्ये 'कोर्ट लाइन' ही सहलींची आणि विमानांची बलाढ्य कंपनी बुडाली. राइत्झने काढलेली हॉरायझन अडचणीत येऊन त्याच वर्षी या कंपनीकडे गेली होती. किमतीची जीवघेणी स्पर्धा, त्यात १९७३ च्या अखेरीस भडकलेले तेल. सहली इतक्या स्वस्त विकल्या होत्या की वाईट दिवसांसाठी काही शिल्लकच नव्हती. चाळीस हजारांहून अधिक प्रवासी परदेशात अडकले. त्यांना परत आणले गेले. पण जे अजून निघालेच नव्हते आणि ज्यांनी पैसे आगाऊ भरले होते, त्यांच्यापैकी अनेकांना तातडीने काही मिळेना. वर्षभर साठवलेला पैसा, आणि हातात उरली पावती.

यातून एक चांगली गोष्ट निघाली. १९७५ साली ब्रिटनने कायदा करून राखीव निधी उभा केला. प्रत्येक सहलीच्या किमतीवर छोटीशी पट्टी, आणि त्यातून बुडालेल्यांची भरपाई. म्हणून २३ सप्टेंबर २०१९ रोजी, पहिल्या शिलिंगी सहलीनंतर १७८ वर्षांनी, खुद्द थॉमस कुक कंपनी बुडाली, तेव्हा दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना सरकारी यंत्रणेने घरी आणले आणि संरक्षित सहलींचे आगाऊ भरलेले पैसे परत केले. (१८८१ साली मुंबईत कुकचे कार्यालय उघडले होते. आपल्याकडची त्याच नावाची कंपनी मात्र २०१९ च्या आधीच वेगळ्या मालकांकडे गेलेली असल्याने ती बुडाली नाही. नाव एक असले तरी घर एक असतेच असे नाही, हेही त्या दिवशी कळले.)

हे सगळे वाचून मी आमच्या घरातल्या तरुण मंडळींना चार गोष्टी सांगतो. त्या माझ्या नव्हेत, या इतिहासाच्याच आहेत. पहिली, तारीख आणि रक्कम आधी ठरवा आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी भागा. भागाकार झेपत नसेल तर ठिकाण बदला, कर्ज काढू नका. दुसरी, लँकेशायरचे घरभाडे विसरू नका. परत आल्यावरच्या महिन्याचा किराणा, फी, हप्ते हेही सहलीच्याच बजेटात धरा. तिसरी, रुपयाचा हिशेब करताना परकीय चलन महागेल असे धरून थोडे जादा ठेवा. व्हिसाची फी आणि सहलीच्या पॅकेजवर कापला जाणारा कर हेही आधी जमेत धरा. कर नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण निघताना तो खिशातूनच जातो. आणि चौथी, पैसा होता होईल तो स्वतःच्या नावावर, पोस्टाच्या किंवा बँकेच्या आवर्ती ठेवीत साठवा. फार स्वस्त सहल दिसली आणि सगळी रक्कम वर्षभर आधी मागितली, तर १९७४ आठवा. रद्द झाल्यास परत काय मिळणार, ते लेखी घ्या.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करून जायचेच कशाला? मला वाटते, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाने आठवड्याला चार पेन्स बाजूला टाकताना फक्त सहल विकत घेतली नाही. जग पाहणे हे सरदार-उमरावांचेच काम नाही, हे त्याने स्वतःला आणि आपल्या मुलांना पटवून दिले. वर्षभर दर शनिवारी घरातली पोरे विचारत असतील, "आता किती झाले?" त्या विचारण्यात सहलीचा अर्धा आनंद आधीच वसूल होत असणार. क्रेडिट कार्डावर घेतलेल्या सहलीत नेमका तेवढा भाग हरवतो, आणि हप्ते मात्र मागे राहतात.

असो. तुमच्या घरातली पहिली परदेशवारी कशी जमली? पोस्टाच्या पुस्तकातून, फंडातून, की आईने डब्यात टाकलेल्या नोटांतून? नातेवाईकांपैकी ज्यांना आठवत असेल त्यांनी जरूर लिहून पाठवा. इंग्लंडच्या क्लबांच्या वह्या कुणीतरी जपल्या म्हणून आज त्यांची गोष्ट सांगता येते. आपल्याही वह्या कुठेतरी उतरवून ठेवायला हव्यात.