समुद्राची पौर्णिमा, नदीचा डोह

मासेमारीचा संयम म्हटला की महाराष्ट्राला किनाराच आठवतो. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, जाळी विणायची-सांधायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच बाहेर पडायचे, ही कोळ्यांची रीत. सरकारने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याच्या आधाराने तिला तारखा दिल्या. आज यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी-मावळ-वेल्ह्याकडे गेले तर मात्र हे पंचांग उलटे दिसते. समुद्र बंद होतो त्याच आठवड्यांत तिथे नदीचा खरा हंगाम सुरू होतो. यावरून किनारा शहाणा आणि घाटमाथा बेफिकीर असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. नदीकाठालाही संयमाची रीत होती, पण ती काळावर नव्हे, जागेवर उभी होती. शिवाय पुण्याच्या नद्यांमधले मासे या हंगामापेक्षा जागा मोडल्यामुळे अधिक गेले.

आरोप मात्र हलका नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यांना लोंढा येतो आणि मासा प्रवाहाच्या उलट चढू लागतो. हे चढणीचे मासे, कोकणात वलगणीचे. रात्री खाचरांच्या बांधांवरून पाणी उतरत असते, त्या चार बोटे पाण्यात मासे अंग घासत, उसळ्या मारत वर सरकतात. कंदील किंवा बॅटरी, हातात काठी किंवा कोयता, ओढ्याच्या तोंडाशी कामट्यांचा सापळा, एवढ्यावर टोपली भरते. मादीच्या पोटात गाभोळी असते आणि चवीसाठी तीच हवी असते. म्हणजे पुढची पिढीच ताटात येते. फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर १८७३ मध्ये अहवाल दिला, त्यात अंड्यावरचे मासे आणि पिल्ले मारण्याविरुद्ध त्यांनी जोरदार तक्रार केली होती. पुढे १८९७ चा मत्स्य कायदा आला. त्याने पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष कालवणे हे गुन्हे ठरवले. सापळे, बांध आणि जाळ्याचे आस यांविषयीचे नियम मात्र प्रांतांवर सोपवले.

आता दुसरी बाजू. दख्खनची नदी बारमाही एकसारखी वाहत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत तिची धार तुटते आणि मागे डोहांची माळ उरते. वीण पुढे नेणारा मोठा मासा त्या दोन-तीन महिन्यांत एवढ्याच डोहांत कोंडलेला असतो. नेमके हेच डोह ठिकठिकाणी देवाचे मानले गेले. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीचा वरदायिनीचा डोह, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराचा डोह, दोन्हीकडे मासे देवाचे, त्यांना कुरमुरे घालायचे, मारायचे नाहीत. जूनमध्ये शेताच्या बांधावर कितीही मासे मारले, तरी मेमध्ये डोह राखला असेल तर चढायला मासा उरतोच. ही श्रद्धा आहे, संवर्धन नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. पण मग नारळी पौर्णिमेलाही तोच निकष लावा. आषाढातल्या खवळलेल्या समुद्रात शिडाची होडी घालणे जिवावरचेच होते. तिथे धोक्याने बंदी घातली आणि इथे देवाने. मासा दोन्हीकडे वाचला. अर्थात प्रत्येक डोह काही देवाचा नव्हता, आणि बाकीच्यांवर भोयांचे पाग पडतच होते.

पुण्याची साक्ष इथे महत्त्वाची. विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करताना इथले मासे टिपले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. खुद्री हा महसीर त्यांना मिळाला तो पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेतच. आज त्या पाण्याकडे पाहून यावर विश्वास बसणार नाही. मग मधे काय झाले? बहुतेकांचे उत्तर मैलापाणी. शहरातल्या पट्ट्यापुरते ते खरेच आहे. पण मैलापाण्याचा लोंढा वाढण्याच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकात, मुठेवर खडकवासल्याची दगडी भिंत उभी राहिली. पुढे मुळेवर मुळशीचे धरण झाले (त्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात शेतजमिनीसाठी भांडणे झाली, माशांसाठी कोण भांडणार!), नंतर पानशेत, वरसगाव, टेमघर. भीमेतून वर येणाऱ्या माशाला या भिंतींत वाट नाही. वरचे डोह जलाशयाखाली गेले, खालच्यांना उन्हाळ्यात पाणी उरले नाही. डे यांनी बांध-बंधाऱ्यांबद्दलही इशारा दिला होता. कायदा करताना गावकऱ्याच्या सापळ्यावर बोट ठेवणे सोपे गेले, पाटबंधारे खात्याच्या भिंतीवर ठेवणे अवघड.

यावर उत्तर येईल की जलाशयांनी मासळी वाढवलीच. वजन पाहिले तर हे खोटे नाही. उजनीच्या पाण्यावर आज कितीतरी कुटुंबे जगतात. पण जलाशयात वाढतो तो मुख्यतः बाहेरून आणलेला मासा, कटला, रोहू आणि न बोलावता पसरलेला तिलापिया. वाहत्या पाण्याचा, खडकाळ तळाचा मासा तिथे रमत नाही.

खुद्री मात्र संपला नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास केली आणि पिल्ले देशभर नद्या-जलाशयांत सोडली गेली. त्यांतली काही कावेरीत गेली. तिथे गळाने मोठे महसीर धरण्याच्या छंदासाठी शौकिनांचे तळ होते आणि भरपूर मासा त्यांनाही हवाच होता. खुद्री तिथे झपाट्याने वाढला, आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर त्याच काळात हटत गेला. त्या माशाचे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये पक्के झाले, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता.