लॉरियनची चांदी

प्राचीन अथेन्सच्या चांदीच्या नाण्याचे चित्र मी शिकताना आणि शिकवताना अनेकदा पाहिले आहे. एका बाजूस अथीना देवीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस तिचे घुबड. चार द्राख्म्यांचे हे नाणे, वजन सुमारे १७ ग्रॅम. त्याच्या शुद्धतेचे कौतुक सर्वांनी केले. चांदी कोणी खणली, हे मात्र पाठ्यपुस्तकाने मला सांगितले नाही.

ती अथेन्सच्या आग्नेयेस, लॉरियनच्या खाणींतून येई. खणणारे बहुतांशी गुलाम होते. तेथील कित्येक बोगदे मीटरभरही उंच नाहीत. तेलाच्या दिव्याच्या उजेडात रांगत दगड फोडायचा. वर आणून कुटायचा, धुवायचा, वितळवायचा आणि शिशापासून चांदी वेगळी करायची. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा लागला. थेमिस्टोक्लीसच्या सल्ल्याने त्या चांदीतून लढाऊ गलबते बांधली गेली आणि इ. स. पू. ४८० साली सालामिसला इराणी आरमाराचा पराभव झाला. अथेन्सची लोकशाही वाचली, असे आपण शिकवतो. चांदी खणणाऱ्यांना त्या लोकशाहीत मत नव्हते, हे शिकवत नाही.

झेनोफनने एक व्यवहार नोंदवून ठेवला आहे. निकिआस या धनाढ्य सेनापतीने आपले १००० गुलाम खाणीसाठी भाड्याने दिले होते. दर माणसामागे रोज एक ओबोल. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. म्हणजे घुबडाच्या एका नाण्याला २४ माणसांचा दिवस! शिवाय अट अशी, की संख्या घटता कामा नये. माणूस कमी झाला की त्याच्या जागी दुसरा. हिशेबात १००० कायम राहतात. मरणाची नोंद कुठेच होत नाही.

पण ही माणसे केवळ आकडा नव्हती. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या सैन्याने डेकेलिया येथे ठाण मांडताच २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले, असे थुसिडिडीस लिहितो. त्यांत बहुतेक कारागीर होते. खाणींचे काम खालावले. पुढे काही वर्षांतच तांब्यावर चांदीचा मुलामा चढवून नाणी पाडण्याची पाळी अथेन्सवर आली. देवी तीच, घुबड तेच. चांदी मात्र उरली नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. दूरदेशीच्या गुलामांशी नाते सांगणारी ती परंपरा आपली आहे. म्हणून अथेन्स शिकवताना लॉरियनही शिकवावे, एवढेच माझे शिक्षक मित्रांना सांगणे आहे.