चलती आणि बट्टा

फराळाला बसल्यावर इतिहासाच्या निवृत्त मास्तराने जुन्या नाण्यांवर बोलावे आणि नातीने मोबाईलमधून मान वर करू नये, हा आमच्या घरचा दिवाळीतला नेम. गेल्या वर्षी तो मोडला. मी सांगत होतो, की अठराव्या शतकात बंगालमध्ये चालू राज्यवर्षाचा सिक्का रुपया पुऱ्या किमतीला चाले. वर्ष उलटले, की त्याच रुपयावर सराफ शेकडा तीन बट्टा कापी, आणखी एक वर्ष गेले, की शेकडा पाच. चांदी तीच, वजन तेच. शिळा झाला तो फक्त नाण्यावरचा आकडा.

मुक्ताने एकदम मान वर केली. "म्हणजे आजोबा, मेटा बदलला!"

हा शब्द मला नवा होता. तिने समजावल्यावर कळले, की आपल्याकडे त्याला फार जुना शब्द आहे : चलती. ज्या काळी जे डावपेच आणि जे मोहरे हटकून जिंकतात, त्यांची त्या काळी चलती. तिचा खेळ होता 'पोकेमॉन गो'. मग नाणी बाजूला राहिली आणि मी तिच्याकडून या खेळाचा इतिहास शिकलो. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

निअँटिक या अमेरिकन कंपनीने हा खेळ जुलै २०१६ मध्ये काढला आणि डिसेंबर २०१६ मध्ये तो भारतात आला. रस्त्याने चालावे आणि मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे चित्रविचित्र प्राणी पकडावेत, एवढाच तो आरंभी होता. खेळाडूंनी आपापसांत लढण्याची सोय झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये. दोन्ही बाजूंना तीन-तीन प्राणी आणि दोन-दोन ढाली. लहान हल्ल्यांनी बळ साठवायचे आणि मोठा हल्ला सोडायचा. समोरच्याचे बळ किती साठले ते मनात मोजता आले, तर ढाल कधी वापरावी ते कळते. लढतींचे तीन वर्गही होते : एकात प्राण्याच्या ताकदीच्या आकड्याला १५०० ची मर्यादा, दुसऱ्यात २५०० ची, तिसऱ्यात मर्यादाच नाही.

पहिल्या वर्गातली एक गंमत मला फार आवडली. त्या १५०० च्या हिशेबात आक्रमणाच्या गुणाला वजन जास्त. म्हणून ज्याचे आक्रमण जन्मतः कमी आणि बचाव व प्राणशक्ती भरपूर, तो प्राणी त्याच मर्यादेत अधिक काळ तग धरतो. सर्व गुणांत पैकीच्या पैकी मिळवणारा हुशार विद्यार्थी येथे बहुधा मागे पडतो. हे वाचून पुष्कळ पालकांना हायसे वाटेल!

प्रारंभी स्पर्धांची व्यवस्था खेळाडूंनीच उभी केली. सिल्फ अरेना या हौशी मंडळींच्या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये 'बोल्डर कप' भरवला. खडक, पोलाद, भूमी आणि मल्लविद्या या जातींचेच प्राणी त्यात चालत. पुढे स्पर्धेगणिक नियम बदलत, त्यामुळे चलतीही बदले. पण नियम करणाऱ्याला काही विकायचे नव्हते. २०२० मध्ये कंपनीने स्वतःची लढत-मालिका सुरू केली. तेव्हापासून नियम करणारा आणि दुकान मांडणारा एकच झाला. ती हौशी संस्था २०२३ मध्ये बंद पडली.

याचा परिणाम कसा होतो पाहा. ३० नोव्हेंबर २०२० रोजी प्राण्यांच्या वाढीची कमाल पायरी ४० वरून ५० वर नेण्यात आली. मेडिचॅम नावाचा एक योगी प्राणी तोवर १५०० पर्यंत पोचतच नसे. आता तो पोचू लागला आणि त्याची चलती झाली. मात्र या दहा पायऱ्या चढवायला एका प्राण्यामागे २९६ खास गोळ्या लागत. मेडिचॅमसाठी त्या पायपीट करून मिळवता येत. मर्यादा नसलेल्या वर्गातल्या दुर्मीळ प्राण्यांच्या गोळ्या मुख्यतः छाप्यांतून मिळत आणि छाप्याला पास लागे. घरबसल्या छाप्याचा पास एप्रिल २०२३ मध्ये १०० नाण्यांवरून १९५ वर गेला. खेळून मिळणारी नाणी दिवसाला फार तर ५०. म्हणजे एका पासासाठी चार दिवसांचे कष्ट, नाहीतर खिशात हात.

कधी कधी तर बाजार एका रविवारवर ठरे. १६ जानेवारी २०२२ रोजी सहा तासांचा उत्सव झाला. वॉलरीन या दंतुर प्राण्याला त्या दिवशी खास हल्ले मिळाले आणि तो लढतींत जिकडेतिकडे दिसू लागला. तो दिवस ज्यांचा हुकला, त्यांना एक दुर्मीळ साधन खर्ची घालावे लागे. ते लढतींच्या बक्षिसात मिळे आणि पैशाच्या गाठोड्यांतही.

मग हा निव्वळ सराफाचा बट्टाच म्हणायचा का? तसेही नाही. कंपनी सरकारने पुढे शहा आलमच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचाच आकडा वर्षानुवर्षे रुपयांवर छापून बट्ट्याचा घोळ आवरला. व्यवहारात स्थैर्य हे वरदान. पण खेळात ते मरण. वर्ष गोठवले, तर प्रत्येक जण तेच तीन प्राणी उतरवील आणि कोणाला विचार करावा लागणार नाही. चलती बदलली पाहिजे. ती कोणाच्या गल्ल्यासाठी बदलते, एवढाच प्रश्न.

भाऊबीजेला मुक्ताला ओवाळणीचे पाचशे रुपये मिळाले. तिने विचारले, "आजोबा, पास घेऊ का?"

मी म्हणालो, "सिनेमाचे तिकीट काढल्यासारखे घे. ठेव म्हणून मात्र घेऊ नकोस. त्या प्राण्याचा भाव उद्या दुसराच कोणी ठरवणार."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "आणि मोजायला शिकले ते?"

त्याला बट्टा कसा लागणार? अनाहाइमला २०२५ मध्ये या खेळाचे जगज्जेतेपद एका भारतीय तरुणाने मिळवले, हे तिनेच मला सांगितले होते. जगज्जेत्यालाही चलतीचेच मोहरे घ्यावे लागतात. पण तेच मोहरे हजारोंच्या हाती असतात.

तिने शंभराची नोट वेगळी काढली आणि चारशे डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मेडिचॅमच्या गोळ्यांसाठी ती मला टेकडीवर घेऊन गेली. माझे गुडघे कुरकुरत होते. पुढे चालता चालता तिची लढत चालली होती आणि ती पुटपुटत होती : "एक, दोन, तीन... आता ढाल!"