बालकांच्या मानेवरील गाठी : प्रतिमांकनाचा इतिहास आणि बीदर-कलबुर्गीचा सीमाभाग

सन १८९५ मध्ये विल्हेल्म राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाचे हाड दिसू लागले. मृदू ऊतींमधील फरक मात्र त्या चित्रात फारसा उमटत नसे. बालकाच्या मानेत किंवा डोळ्याच्या खोबणीत वाढणारी गाठ नेमकी याच ऊतींची असते. ती क्षयाची, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी की ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या कर्करोगाची, याचा अंदाज बऱ्याच अंशी हाताच्या स्पर्शावरून बांधावा लागे. क्षयरोग सर्रास असलेल्या मुलखात गाठ क्षयाचीच समजली जाण्याचा धोका अधिक; आणि कर्करोगात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

क्ष-किरणांचा बालकांवरील वापरही निर्दोष नव्हता. थायमस ग्रंथी वाढली म्हणून अमेरिकेत अनेक तान्ह्या मुलांना हे किरण दिले गेले. त्याचा पुढे होणाऱ्या थायरॉइडच्या कर्करोगाशी संबंध असावा, हे डफी व फिट्झगेराल्ड यांनी १९५० मध्ये निदर्शनास आणले.

बीदर व गुलबर्गा हे जिल्हे त्या काळी हैदराबाद राज्यात होते. राजकन्या निलोफर यांच्या नावाचे बालरुग्णालय हैदराबादेत १९५३ मध्ये उभे राहिले. मेहदी नवाज जंग यांचे नाव धारण करणारे कर्करोग रुग्णालय १९५५ चे. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्याचे विभाजन झाले. बीदर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर, अहमदपूर मराठवाड्यात गेले. औराद, भालकी म्हैसूर राज्यात आले. औरादच्या मराठी कुटुंबासाठी हैदराबाद अंतराने जवळच राहिले, पण राज्य परके झाले. रफी अहमद किडवाई यांच्या नावाची कर्करोग संस्था १९७३ मध्ये निघाली ती बेंगळुरूत, बीदरपासून सुमारे ७०० किलोमीटरवर.

दरम्यान प्रतिमांकन बदलत होते. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाची प्रतिमा प्रसिद्ध केली. एमआरआयमुळे मृदू ऊती स्पष्ट दिसू लागल्या, तेही क्ष-किरणांविना. लहान मूल त्या यंत्रात स्थिर राहावे म्हणून बहुधा भूल द्यावी लागते. म्हणजे यंत्राबरोबर भूलतज्ज्ञही हवा.

कलबुर्गीत महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये, तर ख्वाजा बंदानवाज वैद्यकीय महाविद्यालय २००० मध्ये सुरू झाले. किडवाई संस्थेचे केंद्रही तेथे आले. खर्चाचा प्रश्न उरलाच होता. वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये प्रथम गुलबर्गा विभागातच लागू झाली व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या कर्करोग उपचारांचा भार तिने उचलला. परंतु तेथवर पोचण्याआधी गाठीची सोनोग्राफी व्हावी लागते. गाठ घन आहे की द्रवाने भरलेली, तिच्यात रक्तप्रवाह किती, एवढे तरी ही साधी तपासणी भूल न देता दाखविते.