उंदराभोवतीची तार

एमआरआय करून घेताना डोक्याभोवती एक प्लॅस्टिकचा पिंजरा बसवतात, तो तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. खरं तर ती अँटेना असते. मोठं चुंबक शरीरातल्या हायड्रोजनच्या अणूंना एका दिशेला वळवतं. त्यांना बोलतं करायचं आणि ते काय बोलतात ते ऐकायचं, हे काम त्या पिंजऱ्यातल्या तांब्याच्या कॉइलचं, आणि तेही रेडिओलहरींवर. २.३५ टेस्लाच्या चुंबकात ही लहर १०० मेगाहर्ट्झची असते, म्हणजे थेट आपल्या एफएमच्या पट्ट्यातली. म्हणून तर ती खोली धातूच्या पत्र्याने मढवतात, नाहीतर आमच्या कार्यक्रमाची खरखर तुमच्या मेंदूच्या चित्रात उमटायची!

आज गोष्ट सांगायची आहे ती याच कॉइलची, पण उंदराच्या मापाची.

१९७१ मध्ये अमेरिकेत रेमंड डमेडियन यांनी दाखवलं की कर्करोगाची गाठ आणि निरोगी ऊती यांचे संदेश वेगळे येतात. पण त्यासाठी प्राणी मारून ऊती कापून काढावी लागे. त्याच वर्षी असा एक प्रयोग पाहताना पॉल लॉटरबर यांच्या मनात आलं, हे बाहेरूनच कळलं तर? १९७३ मध्ये त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र प्रसिद्ध केलं, आणि पुढच्याच वर्षी जिवंत उंदराच्या छातीचं. इकडे स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला जॉन मॅलर्ड आणि जिम हचिसन यांच्या गटानेही मार्च १९७४ मध्ये एका उंदराचं चित्र मिळवलं. तो उंदीर मान मोडून मारलेला होता, आणि मानेभोवतीची सूज त्या ओबडधोबड चित्रातही दिसत होती.

आता अडचण बघा. माणसाच्या मेंदूचं चित्र एक मिलिमीटरच्या ठिपक्यांनी बनवलं तरी चालतं. उंदराला तेवढाच तपशील हवा तर ठिपका त्याच्या दशांश लागतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दशांश, म्हणजे पाणी हजारपट कमी आणि आवाजही हजारपट क्षीण. पुन्हापुन्हा मोजून भरून काढू म्हणाल, तर वेळ दहा लाखपट लागतो. एका मिनिटाचं काम जवळजवळ दोन वर्षांवर जातं. उंदीर तेवढा जगेल की नाही, हाच प्रश्न!

आमच्या धंद्यात माहितीपत्रकावरचा मोठा आकडा सगळ्यांना आधी दिसतो. इथे तो टेस्लाचा. पण खरी किमया आहे कानाजवळ जाण्यात. ऑक्सफर्डच्या डेव्हिड हूल्ट आणि रेक्स रिचर्ड्स यांनी १९७६ मध्ये याचं गणित मांडलं. कॉइल जितकी प्राण्याला चिकटून, तितकी ती चांगलं ऐकते. रिळावर दोरा गुंडाळावा तशी गुंडाळलेली साधी कॉइल खोगिराच्या आकाराच्या कॉइलपेक्षा जवळपास तिप्पट सरस, हेही त्यांनी दाखवलं. मात्र ती चुंबकीय क्षेत्राला आडवी ठेवावी लागते, आणि बोगद्यासारख्या चुंबकात प्राणी लांबीने झोपवतात. तिथेच घोडं अडतं. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्येच दुसरी वाट निघाली. तारेचं एक वेटोळं थेट रॅटच्या अंगावर ठेवून खालच्या स्नायूतल्या फॉस्फरसचे संदेश टिपले गेले. १९८५ मध्ये अमेरिकेत सेसिल हेज आणि सहकाऱ्यांनी पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखी कॉइल बनवली. ती माणसांसाठी होती. पुढे तिचीच छोटी रूपं उंदरांसाठी आली.

शिवाय प्रत्येक उंदीर आत ठेवला की सूर थोडा बिघडतो, कारण त्याचं अंगही त्या सर्किटचा भाग होतं. म्हणून लांब दांड्यांनी कपॅसिटर फिरवून दर वेळी सूर पुन्हा जुळवतात, जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन लावावं तसा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट खरखरीची. माणसाचं शरीर म्हणजे खारं, कोमट पाणी. त्यातल्या हालचालीचीच खरखर इतकी असते की कॉइल आणखी सुधारून फारसं हाती लागत नाही. उंदीर इवलासा, त्याची खरखरही इवलीशी, मग ऐकू येते ती बरीचशी तांब्याची स्वतःची. मग तांबंच थंड करायचं! आज उंदरांसाठी हेलियमने उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास गार केलेल्या कॉइल मिळतात. तिच्यापासून जेमतेम मिलिमीटरभरावर, उबदार भिंतीआड, उंदीर भूल देऊन झोपवलेला असतो. संदेश सुमारे अडीचपट स्पष्ट येतो, म्हणजे सहा तासांचं काम तासाभरात.

तासाभराने तो उठतो, पिंजऱ्यात परत जातो. पुढच्या आठवड्यात त्याच गाठीचं माप घ्यायला पुन्हा तोच उंदीर येतो.